बुगनविलचं सार्वमत, २०१९ : मतदानाआधीच्या तयारीचा एका जुन्या केंद्राध्यक्षाने केलेला रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय, आणि तो कापताना मला बरं वाटलेलं नाही.

सर्व्हिस म्हणजे बुगनविल रेफरेंडम कमिशन. पापुआ न्यू गिनी देशातलं बुगनविल नावाचं बेट, तिथं २३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१९ या काळात सार्वमत झालं, देशातच राहून जास्त स्वायत्तता घ्यायची की स्वतंत्र व्हायचं, आणि ते घडवून आणायचं काम या आयोगाकडे होतं. निकाल बऱ्याच जणांना माहीत असेल, १,७६,९२८ मतं स्वातंत्र्याला आणि ३,०४३ स्वायत्ततेला. बातमी तेवढीच आली आणि लोक म्हणाले की अरे वा एकतर्फी झालं. पण मी शिक्षक म्हणून नोकरी करताना लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत इतक्या निवडणुकांना ड्युटी केलीय की निकालाचा आकडा मी शेवटी बघतो, आधी बघतो यादी कशी केली, प्रशिक्षण कसं दिलं, पेट्या कुठं ठेवल्या आणि बाद मतं किती निघाली. म्हणून हा रिव्ह्यू तयारीचा आहे. सध्या मुलाकडे ब्रिस्बेनला असतो, आमच्या शेजारची एक ताई मूळची बुगनविलची, वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करते, तिने ब्रिस्बेनमधूनच मत दिलं होतं. बरीचशी माहिती वाचलेली आहे आणि जे वाचून कळलं नाही ते तिच्याकडून समजून घेतलंय.

आधी थोडा इतिहास सांगावाच लागेल, नाहीतर तयारी एवढी का लागली ते कळणार नाही. बुगनविलच्या डोंगरात पांगुना नावाची तांब्याची प्रचंड मोठी खाण होती, १९७२ पासून चालू, कंपनी रिओ टिंटोच्या गटातली. पैसा देशाच्या तिजोरीत आणि कंपनीकडे गेला, बेटावर उरली गाळाने भरलेली नदी आणि गेलेल्या जमिनी. तिथं जमीन बहुतेक ठिकाणी आईच्या कुळाकडून चालत येते, म्हणजे जमीन गेली की घरातल्या बायकांच्या हातातलंच सगळं गेलं. फ्रान्सिस ओना नावाचा माणूस, तो खाणीत नोकरीला होता, त्याच्या पुढाकाराने १९८८ च्या शेवटाला खाणीचे विजेचे खांब उडवायला सुरुवात झाली, मे १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि मग जे सुरू झालं ते जवळजवळ दहा वर्षं चाललं. सरकारी सैन्य एकीकडे, बुगनविलची क्रांतिकारी सेना दुसरीकडे, आणि सरकारच्या बाजूने लढणारे बेटावरचेच लोक तिसरीकडे, म्हणजे भावकीतच बंदुका. वर सरकारने नाकाबंदी केली त्यामुळे औषधं नाहीत, शाळा नाहीत. किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण १५ ते २० हजार हा आकडा नेहमी सांगितला जातो, आणि तेव्हा बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आतबाहेर होती हे लक्षात घ्या.

१९९७ मध्ये न्यूझीलंडच्या बर्नहॅम लष्करी तळावर बोलणी झाली, एप्रिल १९९८ मध्ये कायमची शस्त्रसंधी, आणि ३० ऑगस्ट २००१ ला बुगनविलमधल्या अरावा शहरात शांतता करार. करारात तीन गोष्टी होत्या, स्वायत्त सरकार, शस्त्रं खाली ठेवणं आणि सार्वमत. सार्वमत कधी, तर पहिलं स्वायत्त सरकार निवडून आल्यापासून दहा वर्षांच्या आधी नाही आणि पंधरा वर्षांच्या नंतर नाही. पहिलं सरकार २००५ मध्ये आलं, म्हणजे २०१५ ते २०२० ही खिडकी.

माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच थांबण्याचा आहे, आणि याला मी पूर्ण मार्क देतो जरी हे श्रेय आयोगाचं नसून करार करणाऱ्यांचं असलं तरी. लढाई थांबली त्याच वर्षी मत घेतलं असतं तर बंदूक ज्याच्या घरी त्याचं मत झालं असतं. मधल्या काळात शस्त्रं कशी गोळा केली ते वाचून मी दोनदा थांबलो. आधी गावागावात कमांडरने ती पेटीत ठेवायची, मग ती मोठ्या कंटेनरमध्ये न्यायची आणि कंटेनरला दोन कुलपं, एक किल्ली युनोच्या निरीक्षकांकडे आणि दुसरी त्याच कमांडरकडे. म्हणजे एकटा कोणीच उघडू शकत नाही, पण कमांडरचा मानही राहतो, त्याला कोणी शरण आलेला म्हणू शकत नाही. आमच्याकडे स्ट्राँगरूमला सील लावताना उमेदवारांच्या प्रतिनिधींना आपलंही सील लावू देतात ना, त्यामागचा विचार हाच. नियम पाळायला लावायचा असेल तर ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच हातात अर्धी जबाबदारी द्यायची. सगळी शस्त्रं गोळा झाली असं मात्र नाही, काही गट बाहेरच राहिले, २०१९ पर्यंत ही तक्रार होतीच.

शस्त्रांच्या जोडीने चाललं समेटाचं काम. तिथं याला बेल कोल म्हणतात, मन निववायचा पहिला विधी, त्यानंतर मोठा समेट, ज्याने मारलं तो आणि ज्याचं मेलं तो समोरासमोर बसतात, बाण मोडतात, सुपारी खातात, डुक्कर कापून सगळे जेवतात. ताई म्हणाली की तिच्या मामाच्या बाबतीतला समेट व्हायला कित्येक वर्षं गेली कारण ज्या घरातल्या माणसाने केलं ते घर बोलायलाच तयार नव्हतं, आणि तो झाला तेव्हा तिची आई पहिल्यांदा त्या बाजूच्या बाजाराला गेली. मला वाटतं मतदान केंद्र कुठं ठेवायचं हे ठरवताना असली माहिती नकाशात नसते, पण तीच सगळ्यात महत्त्वाची असते. ज्या वाटेने बाई बाजाराला जात नाही त्या वाटेवर तुम्ही बूथ ठेवलात तर ती मत द्यायलाही येणार नाही आणि तुम्ही रजिस्टरमध्ये लिहाल गैरहजर.

आता आयोगाकडे येतो. सात जणांचा आयोग. दोन सदस्य पापुआ न्यू गिनी सरकारचे, दोन बुगनविल सरकारचे, देशाचे निवडणूक आयुक्त, बुगनविलचे निवडणूक आयुक्त, आणि अध्यक्ष बाहेरचा. अध्यक्ष म्हणून आणले बर्टी अहर्न, आयर्लंडचे माजी पंतप्रधान, १९९८ च्या गुड फ्रायडे करारातले एक मुख्य माणूस. निवड मला अगदी पटली. त्या माणसाने स्वतःच्या बेटावर लढाईनंतरचं सार्वमत करून बघितलेलं होतं, २२ मे १९९८ ला उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के लोकांनी होकार दिला म्हणजे २९ टक्के लोक नाराज घरी गेले आणि त्यांच्यासोबतच पुढे नांदायचं होतं, हे ज्याने सोसलंय त्याला बुगनविलमध्ये काय बोलायचं आणि काय नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दोन्ही पक्ष एकाच टेबलावर बसवलेत ही या सर्व्हिसची मुख्य ताकद. प्रश्नसुद्धा दोन्ही सरकारांनी मिळून ठरवला: बुगनविलला पुढीलपैकी काय मिळावं याला तुमची सहमती आहे, एक, अधिक स्वायत्तता, दोन, स्वातंत्र्य. एवढंच. हो-नाही ठेवलं नाही हे बरं केलं, कारण हो-नाहीमध्ये एक बाजू कायम नकाराची होते आणि हरणाऱ्याला आपण कशाच्या बाजूने होतो हेच सांगता येत नाही. आपल्याकडे गोव्याच्या जनमत कौलात, १६ जानेवारी १९६७ ला, असंच होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. दोन्ही बाजूंना स्वतःचं चिन्ह, स्वतःची सभा, स्वतःचं गाणं. आणि तिथंही मतदानाआधी बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं होतं म्हणजे सरकारी गाडी-पेट्रोल कुठल्या एका बाजूचं राहू नये. विलीनीकरण चौतीस हजार मतांनी हरलं, महाराष्ट्रात पुष्कळांना वाईट वाटलं, पण निकालावर शंका कोणी घेतली नाही. तयारी चांगली असली की हरणारा निकालावर भांडत नाही, हे मला गोव्यावरून पटलेलं आहे आणि बुगनविलमध्ये पुन्हा दिसलं.

यादी. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे तेव्हा थोडं लांबेल. ज्यांनी कधी बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी नीट करायचं काम केलंय त्यांना कळेल, मतदानाच्या दिवशी जी भांडणं होतात त्यातली बहुतेक सहा महिने आधी यादीत पेरलेली असतात. दुबार नावं, मयत, स्थलांतरित, सून आली तिचं नाव नाही, मुलगी गेली तिचं नाव आहे. आता हेच बुगनविलला लावून बघा. माणसं लढाईच्या काळात जंगलात पळाली, काही सरकारी केअर सेंटरमध्ये राहिली, काही होडीने सोलोमन बेटांवर गेली, काही राजधानी पोर्ट मोर्सबीला, काही इकडे ऑस्ट्रेलियात. गावं जळाली. जन्माचे दाखले नाहीत. आणि वर प्रश्न असा की बुगनविलचा माणूस म्हणायचं कुणाला? उत्तर कागदावर नसून कुळात आहे, ज्या कुळाची तिथं परंपरेने जमीन आहे त्या कुळातला, किंवा त्यात लग्न करून आलेला, किंवा दत्तक घेतलेला. बाहेर राहणाऱ्यांनाही मताचा हक्क होता.

ताईने तिचा फॉर्म कसा भरला ते मला तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सांगितलं. गावाचं नाव लिहायचं तर गाव आता त्या जागी नाही, लोक खाली रस्त्याच्या कडेला येऊन राहिलेत आणि त्या वस्तीला वेगळं नाव पडलंय. मग तिने अरावाला मावशीला फोन लावला, मावशीने आजीचं कुळ सांगितलं, कुठल्या ओढ्यापर्यंत जमीन होती ते सांगितलं, गावचा मुखिया कोण ते सांगितलं, आणि तो फोन पाऊण तास चालला कारण मावशी एकेक माणसाचं काय झालं तेही सांगत होती. ताई म्हणाली, अंकल, त्या फॉर्ममध्ये चार ओळी होत्या पण भरताना सगळं लहानपण डोळ्यासमोरून गेलं. मी मतदारनोंदणीचे फॉर्म ६ शेकड्यांनी भरून घेतलेत, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

यादी नीट व्हावी म्हणून आयोगाने तारीख पुढे ढकलली. आधी जून, मग ऑक्टोबर, मग २३ नोव्हेंबर. तेव्हा लोक चिडले होते, आपल्याला फसवतायत असं वाटणं साहजिक आहे, वीस वर्षं थांबलेल्या माणसाला अजून सहा आठवडे थांब म्हणणं सोपं नाही. पैसे वेळेवर न मिळणं हेही एक कारण होतंच. पण मी असतो तर मीसुद्धा पुढेच ढकललं असतं. शेवटी २,०६,७३१ नावांची यादी झाली, गावात लावली, लोकांना वाचून दाखवली, दुरुस्त्या घेतल्या. एवढ्या विस्कटलेल्या समाजात एवढी यादी करणं आणि नंतर तिच्यावरून मोठा वाद न होणं, माझ्यासारख्या माणसाला हे निकालापेक्षा मोठं वाटतं.

ज्यांना वाटतं मी यादीचं फार कौतुक करतोय त्यांनी पश्चिम सहारा बघावं. युनोने १९९१ मध्ये मिशन पाठवलं, काम सार्वमत घेणं. मतदार कोण यावर त्या भागावर हक्क सांगणारा मोरोक्को आणि तिथं स्वातंत्र्य मागणारी पोलिसारिओ संघटना यांचं एकमत झालं नाही, ओळख पटवण्यात वर्षानुवर्षं गेली, अपिलं लाखाच्या वर गेली, आणि मिशन अजून तिथंच आहे, मत पडलेलं नाही. सुदानमध्ये अबियेई भागाचं तेच, जानेवारी २०११ मध्ये दक्षिण सुदानबरोबर तिथलंही सार्वमत व्हायचं होतं, पण गुरं घेऊन दरवर्षी येणाऱ्या मिसेरिया लोकांना मत द्यायचं की नाही यावर अडलं आणि ठरलेलं मतदान झालंच नाही.

मतदारांना समजावण्याचं काम. इथं एक अडचण आपल्या लक्षात येत नाही, लढाईच्या दहा वर्षांत ज्यांचं शाळेचं वय होतं ती पिढी शाळेत गेलीच नाही. २०१९ मध्ये ते तिशी-चाळिशीत होते, म्हणजे मतदारांमधला मोठा आणि सगळ्यात चिडलेला गट, आणि वाचता येत नाही. म्हणून नुसती पत्रकं छापून उपयोग नव्हता. टोक पिसिन भाषेत बोलणारी माणसं गावोगाव पाठवली, चर्चमध्ये, बाजारात, बायकांच्या गटांत बैठका झाल्या, बुका या तिथल्या शहरातल्या न्यू डॉन एफएमसारख्या रेडिओवरून सांगितलं. बाहेरच्या प्रवाळ बेटांवर, कार्टरेट, मॉर्टलॉक, तिथं बोटीने जावं लागतं आणि समुद्र खवळला तर कुणीच जात नाही, तिथंही पथकं गेली. मतदान दोन आठवडे ठेवलं ते याचसाठी.

समजावणं कितपत पोचलं ते मोजायची एक साधी पट्टी आहे, बाद मतं. १,८१,०६७ लोकांनी मत दिलं, त्यात बाद १,०९६. अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. मतपत्रिकेच्या काळात मी मोजणीला बसलेलो आहे, दोन खुणा, अंगठा, सही, कुणी तर मागच्या बाजूला निवेदन लिहितं, तेव्हा शाळा हुकलेल्या पिढीकडून एवढीच बाद मतं म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांनी पाय झिजवलेत. टक्केवारी ८७. यावर वेगळं काही लिहायला नको.

सुरक्षा. न्यूझीलंडच्या नेतृत्वाखाली शेजारी देशांचे पोलीस आले आणि ते बिनशस्त्र आले. हे वाचताना पहिल्यांदा मला काळजी वाटली. पण विचार केला तर बंदूक बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो अशा लोकांच्या रांगेशेजारी बंदूकधारी उभा करून काय मिळणार. १९९७-९८ मध्ये शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला जे आले होते तेही बिनशस्त्रच होते आणि लोकांना तो अनुभव होता.

इथं पूर्व तिमोरशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा तो भाग इंडोनेशियाच्या ताब्यात होता. तिथं १९९९ मध्ये ५ मेला करार झाला आणि ३० ऑगस्टला मतदान, चार महिनेसुद्धा नाहीत. साडेचार लाखांच्या आसपास मतदारांची नोंदणी तीन आठवड्यांच्या आसपास केली, हे काम करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, जिवावर उदार होऊन केलंय, आणि ९८ टक्क्यांच्या वर लोक मत द्यायला आले. कुठल्या गावाने कुणाला मत दिलं हे कळू नये म्हणून सगळ्या मतपत्रिका डिली या तिथल्या मुख्य शहरात आणून एकत्र मिसळून मोजल्या. पण करारात सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाच्या पोलिसांवर ठेवली होती, म्हणजे ज्यांच्यापासून लोकांना भीती त्यांच्याकडेच राखण. एप्रिलमध्ये लिकिसाच्या चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या लोकांना इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, म्हणजे मिलिशियाने मारलं होतं, तरीही ते कलम तसंच राहिलं. निकाल ४ सप्टेंबरला लागला, ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारली, आणि त्यानंतर गावंच्या गावं जाळली, हजारच्या वर माणसं त्या वर्षी मारली गेली, अडीच लाख लोक सीमेपलीकडे गेले, आंतरराष्ट्रीय फौज २० सप्टेंबरला उतरली. मतदान तांत्रिकदृष्ट्या उत्तम होतं. मतदानानंतरच्या दिवसाची तयारी नव्हती, आणि त्याची किंमत ज्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं त्यांनी मोजली. हे लिहितानाही मला त्रास होतो.

बुगनविलमध्ये ११ डिसेंबरला बुकाला अहर्न यांनी निकाल वाचला, लोक रडले, गायले, आणि कुणी कुणाचं घर जाळलं नाही. हा फरक आपोआप पडलेला नाही, मधल्या अठरा वर्षांच्या कामामुळे पडलेला आहे.

मग स्टार कशाला कापला.

पहिली गोष्ट, अधिक स्वायत्तता म्हणजे नेमकं काय हे लोकांना फार उशिरा सांगितलं. दोन पर्यायांचा अर्थ दोन्ही सरकारांनी मिळून लिहायचा होता आणि तो लिहून बाहेर येईपर्यंत मतदान तोंडावर आलं. स्वातंत्र्य कुणालाही समजतं, पण अधिक स्वायत्ततेत खाणीवरचा हक्क कुणाचा, कर कुणाचा, पोलीस कुणाचे, हे कळल्याशिवाय तो पर्याय पर्याय होत नाही. निकाल यामुळे बदलला असता असं मी अजिबात म्हणत नाही, ज्या घरात माणसं गेली त्या घराचं मत ठरलेलं होतं. पण ज्या ३,०४३ लोकांनी पहिल्या चौकटीत खूण केली त्यांनी धाडसाने केली, त्यांना निदान आपण काय मागतोय हे लवकर कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. हे सार्वमत बंधनकारक नव्हतं. करारातच लिहिलंय की निकालानंतर दोन्ही सरकारांनी सल्लामसलत करायची आणि शेवटचा निर्णय पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा. आयोगाने हे लपवलं नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो, बैठकांत सांगितलं, पत्रकांत लिहिलं, अध्यक्ष स्वतः पुन्हापुन्हा धीर धरा म्हणत होते. पण सांगणं वेगळं आणि समोरच्याच्या मनात उतरणं वेगळं. मताची पेटी, शाळेच्या पटांगणातली रांग, दोनच चौकोन, हे सगळं बघून माणसाला वाटतं की आज मी निर्णय देतोय. ताई शिकलेली आहे, इंग्रजी वाचते, तिलासुद्धा २०२० च्या मध्यापर्यंत वाटत होतं की एकदोन वर्षांत पासपोर्ट बदलेल. आणि आयोगाचं काम निकाल सुपूर्द केला तिथं संपलं. पुढे सल्लामसलत कोण कुणाशी करणार, किती दिवसांत करणार, संसदेत साधं बहुमत की दोन तृतीयांश, यातलं काहीच आधी पक्कं केलेलं नव्हतं. त्यावरच पुढची वर्षं गेली. सप्टेंबर २०२० मध्ये इश्माएल तोरोआमा बुगनविल सरकारचे अध्यक्ष झाले, ते स्वतः लढाईतले कमांडर. २०२२ मध्ये एरा कोने करार झाला, त्यात २०२५ ते २०२७ मध्ये हे मार्गी लावायचं असं ठरलं. मग संसदेत किती बहुमत लागेल यावर अडलं, न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर जनरल जेरी माटेपाराए यांना मध्यस्थ म्हणून आणलं, जून २०२५ मध्ये पुन्हा बर्नहॅमलाच बसून मेलानेशियन करार केला. बुगनविल सरकारने स्वातंत्र्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख धरलीय. म्हणजे मतदानाच्या तयारीला अठरा वर्षं दिली आणि मतदानानंतरचे नियम ठरवायला मतदानानंतर बसले.

याचा दोष आयोगावर टाकणं थोडं अन्यायाचं आहे हे मलाही कळतं, त्यांचं अधिकारक्षेत्र निकालापर्यंतच होतं आणि निकालानंतरच्या तयारीसाठी वेगळी समिती होती. पण मतदाराच्या समोर शेवटचा चेहरा आयोगाचा असतो. आमच्याकडेही गावकरी रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल केंद्राध्यक्षालाच विचारतात, कारण सरकार म्हणून समोर बसलेला तोच असतो.

कुणाला ही सर्व्हिस रेकमेंड करीन? ज्या भागात लढाई थांबलीय आणि लोक भविष्य ठरवायला निघालेत त्या प्रत्येकाला, फक्त एवढं बघून की हरणाऱ्या बाजूलाही आयोगात खुर्ची आहे का आणि तारीख ठरवताना दोघांना विचारलंय का. न्यू कॅलेडोनिया या फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटांवर स्वातंत्र्याचं तिसरं सार्वमत डिसेंबर २०२१ मध्ये कोविडच्या सुतकात घेतलं, तिथले मूळ रहिवासी कनाक लोक पुढे ढकला म्हणत होते, ऐकलं नाही, त्यांनी बहिष्कार घातला, ९६ टक्के लोकांनी स्वातंत्र्य नको म्हटलं पण मत द्यायला आले जेमतेम ४४ टक्के. असा निकाल कुणाच्याच कामाला येत नाही, फ्रान्सच्याही नाही. बुगनविलने सहा आठवडे पुढे ढकलले ते या पार्श्वभूमीवर बघा.

आणि पुढे कुणी असं काम हातात घेतलं तर माझी एकच मागणी आहे. मतपत्रिकेचा नमुना ज्या पत्रकावर छापता त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला, मतपत्रिकेएवढ्याच मोठ्या अक्षरात, एक तक्ता छापा. निकालानंतर कोण भेटणार, कुठं भेटणार, किती महिन्यांत, शेवटचा निर्णय कोण घेणार आणि किती मतांनी, आणि त्यांनी मुदतीत घेतला नाही तर काय. हे छापता येत नसेल, म्हणजे दोन्ही बाजूंचं त्यावर अजून ठरलेलं नसेल, तर मतदानाची तारीख पुढे ढकला. यादीसाठी ढकलली तशी.